पेढी आणि पिढी : अंतराळातील घरगुती व्यापाराची पूर्वपीठिका

मराठीत ‘पेढी’ आणि ‘पिढी’ या शब्दांत एका मात्रेचे आणि एका वेलांटीचे अंतर आहे. प्रत्यक्ष व्यवहारात ते तेवढेही राहत नाही. पेढी चालते ती पिढ्यांच्या बळावर आणि पिढी वाढते ती पेढीच्या आधाराने. घरातला मुलगा दुकानात बसू लागला की त्याचे शिक्षण सुरू झाले की नोकरी, हा प्रश्न कोणी विचारत नाही. सून सकाळचा स्वयंपाक उरकून मालाच्या पुड्या बांधायला बसली तर तिचा रोज कोणत्या वहीत लिहायचा, हाही प्रश्न निघत नाही. ‘घरचेच माणूस’ या दोन शब्दांत हिशेब मिटतो.

विज्ञानसाहित्यात, विशेषतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन विज्ञानसाहित्यात, या पेढीचे एक रूप पुन्हा पुन्हा भेटते. एक कुटुंब असते आणि त्याचे स्वतःचे, बहुधा जुने, अंतराळयान असते. हे कुटुंब लघुग्रहांवर खनिज खणते, किंवा खणणाऱ्यांना माल पुरवते, किंवा एका वस्तीचा माल दुसरीकडे पोचवते. आजी इंजिनाकडे पाहते, वडील दिशा ठरवतात, मुले माल चढवतात. विज्ञानसाहित्य अभ्यासक्रमात आले की चर्चा बहुतेक वेळा यंत्रांपाशी आणि भाकितांपाशी थांबते. येथे विचारायचा प्रश्न निराळा आहे. ज्या साहित्याने माणसाची जवळजवळ प्रत्येक संस्था मोडून नव्याने कल्पिली, त्याने मालवाहतुकीसाठी मात्र घर का जपले? आणि जपताना घराबरोबर येणारे देणेही सोबत घेतले की ते वहीबाहेर ठेवले?

या प्रश्नाचे उत्तर भविष्यात शोधण्याआधी भूतकाळात शोधावे लागते. अंतराळातले हे कुटुंब कल्पनेतून एकाएकी उतरलेले नाही. त्याला खाणीचा, कालव्याचा आणि समुद्राचा इतिहास आहे.

त्रिशूळाची मुद्रा

खाण आणि मालवाहतूक हे दोन्ही व्यवसाय एकाच कुटुंबाने हाती ठेवल्याचे मोठे ऐतिहासिक उदाहरण म्हणजे जर्मनीतील ऑग्सबुर्गचे फुगर घराणे. १३६७ मध्ये हान्स फुगर नावाचा विणकर या शहरात आला. त्याचा नातू याकोब फुगर (१४५९–१५२५) याच्या काळात हे घराणे टायरॉलमधील चांदीच्या आणि त्या वेळच्या हंगेरीतील तांब्याच्या व्यापारावर पकड ठेवून होते. १४९४ मध्ये उलरिख, गेऑर्ग आणि याकोब या भावांनी भागीदारीचा करार केला. पुढील करारांमधून धंद्याची सूत्रे पुरुष वारसांकडेच राहतील अशी तजवीज झाली. १५१९ मध्ये पाचव्या चार्ल्सच्या सम्राटपदाच्या निवडणुकीत ओतलेल्या पैशाचा मोठा भाग फुगरांचा होता. याकोबला अपत्य नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर पुतण्या आंटोन पेढीवर बसला आणि व्यवहार पुढे चालू राहिला. व्यक्ती गेली तरी घराण्याचे नाव कर्जदाराला ओळखीचे राहते, हे घरगुती पेढीचे खरे भांडवल.

या पेढीचा एक धागा आपल्या बाजूलाही येतो. २००८ मध्ये नामिबियाच्या किनाऱ्यावर, ओरान्येमुंडजवळ, हिऱ्यांच्या खाणकामात एका बुडालेल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले. ते १५३३ मध्ये लिस्बनहून भारताकडे निघालेले ‘बॉम जेझुस’ असावे असे मानले जाते. त्यात हस्तिदंत होते, सोन्याची नाणी होती आणि तांब्याच्या लाद्यांचा मोठा साठा होता. लाद्यांवर फुगरांची त्रिशुळासारखी मुद्रा उमटलेली आहे. मध्य युरोपातील डोंगरातून निघालेले तांबे मिरी-मसाल्याच्या मोबदल्यात हिंदी महासागराकडे चालले होते. खाण एका खंडात, बाजार दुसऱ्या खंडात आणि मधल्या साऱ्या अंतरावर एका घराण्याची खूण, हा आराखडा पुढे लघुग्रह आणि मंगळ यांच्यामध्ये मांडला गेला तेव्हा त्यात नवे होते ते केवळ अंतर.

फुगर मात्र स्वतः तांबे खणत नव्हते आणि जहाजावर राहतही नव्हते. अंतराळातले कुटुंब खणते आणि राहतेही. त्याचे पूर्वज शोधायचे तर मालकांच्या वाड्यातून खाली उतरावे लागते.

दहा फुटांचे घर

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील अनेक कोळसाखाणींत काम कुटुंबाने होई. बाप कोळसा फोडी, बायको आणि मुले तो ओढून किंवा पाठीवर वाहून नेत. मजुरी फोडणाऱ्याच्या हाती पडे आणि तीत सर्वांचे श्रम धरलेले असत. १८४२ च्या कायद्याने स्त्रियांना, मुलींना आणि दहा वर्षांखालील मुलग्यांना भूमिगत कामाची बंदी केली. त्या निमित्ताने प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालातील चित्रांनी व्हिक्टोरियन समाज हादरला. त्या चित्रांतली मुले बहुधा आपल्याच घरातल्या माणसांसाठी राबत होती, हे मात्र सहज विसरले जाते.

कालव्यांचा इतिहास याहूनही बोलका आहे. इंग्लंडमधील अरुंद कालव्यांवरच्या मालवाहू बोटी आरंभी बव्हंशी पुरुष कामगार चालवीत. त्यांची घरे काठावरच्या गावांत असत. रेल्वे आली, स्पर्धेत मालवाहतुकीचे दर उतरले आणि बोटवाल्याला पगारी हाताखालचा माणूस परवडेना. मग बायको बोटीवर आली, पाठोपाठ मुले आली. काठावरच्या घराचे भाडे वाचले. सुमारे दहा फूट लांब आणि सात फूट रुंद खोलीत आख्खे कुटुंब राहू लागले. उरलेल्या बोटीत कोळसा असे. स्वतःच्या मालकीची बोट असणाऱ्याला त्या लोकांच्या बोलीत ‘नंबर वन’ म्हणत. त्या नावात मालकीचा अभिमान आहे. ती मालकी टिकली कशावर, याचे उत्तर मात्र कालव्याच्या काठाने घोडा हाकत चालणाऱ्या मुलाकडे आहे. त्याला मजुरी नव्हती आणि बहुधा शाळाही नव्हती.

जॉर्ज स्मिथ या समाजसुधारकाने या बोटींवरील जीवनाविरुद्ध मोहीम चालवली. त्यातून १८७७ चा कायदा आला. बोटींची राहण्याची जागा म्हणून नोंदणी झाली, एका खोलीत किती माणसे राहावीत याला मर्यादा आली आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न प्रथमच कायद्याच्या कक्षेत आला. १८८४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. स्मिथच्या लेखनात बोटवाल्यांविषयी तुच्छताही आहे. या लोकांची स्वच्छता, रंगवलेली भांडी, लेस लावलेल्या खोल्या, आपसांतली जिव्हाळ्याची वीण यांकडे त्याचे लक्ष गेले नाही. पण ज्यांनी पुढे ही रंगीत भांडी संग्रहालयात मांडली, त्यांनीही दुसरी बाजू पुष्कळदा वगळली. बोटीवर माया होती आणि बिनमजुरीचे श्रमही होते. एकाला खरे मानण्यासाठी दुसऱ्याला खोटे ठरवण्याची गरज नाही.

कुटुंबाचे जहाज जन्माला येते ते उतरत्या दरांच्या आणि वाढत्या स्पर्धेच्या दाबाखाली, हे येथे ध्यानात ठेवायला हवे. ज्याला आपण स्वातंत्र्याचे चित्र समजतो, त्याच्या मुळाशी पगार वाचवण्याचा हिशेब असतो. विज्ञानसाहित्याने हे चित्र उचलले तेव्हा हिशेबाचे काय झाले, ते आता पाहू.

सायकली, आजी आणि प्राणवायू

रॉबर्ट हाइनलाइन यांची ‘द रोलिंग स्टोन्स’ ही कुमारांसाठी लिहिलेली कादंबरी १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. चंद्रावर राहणारे स्टोन कुटुंब जुने यान विकत घेते आणि बाहेर पडते. कॅस्टर आणि पोलक्स ही जुळी मुले व्यापारी डोक्याची आहेत. मंगळावरच्या खनिजशोधकांना सायकली लागतात म्हणून ती जुन्या सायकली विकत घेतात आणि प्रवासात त्यांची डागडुजी करतात. मंगळावर पोचल्यावर बाजार भरलेला निघतो, वर जकातीचा खटला उभा राहतो आणि आजी हेझल वकिलाच्या आवेशात नातवांची बाजू मांडते. पुढे कुटुंब लघुग्रहांच्या पट्ट्यात जाते. तेथे खनिजाच्या शोधात माणसांनी गर्दी केली आहे. स्टोन कुटुंब खणणाऱ्यांना माल विकते. कॅलिफोर्नियात १८४९ च्या सुवर्णलाटेत सोने शोधणाऱ्यांपेक्षा त्यांना फावडी आणि धान्य विकणाऱ्यांनी अधिक खात्रीने पैसा केला, तो इतिहासाचा धडा येथे कथानकाच्या मुळाशी आहे.

ही कादंबरी हसरी आहे आणि तिचे हसरेपण खरे आहे. तरीही तिच्यात दोन जागी वहीचे दुसरे पान उघडते. पहिली जागा हेझलच्या पूर्वायुष्याची. ती मुळात अभियंता. आपल्याहून कमी कुवतीचे तीन पुरुष आपल्या डोक्यावरून बढती घेऊन गेलेले पाहिल्यावर तिने सरकारी नोकरी सोडली आणि जुगाराच्या टेबलावर पत्ते वाटण्याचे काम धरले. तिच्या बुद्धीला पूर्ण वाव मिळतो तो घरच्या यानावर. संस्थेने नाकारलेल्या स्त्रीला घराची पेढी सामावून घेते, हे या व्यवस्थेचे श्रेय नाकारता येत नाही. मात्र तिची गुणवत्ता मान्य होते ती कुटुंबाच्या भिंतींच्या आत.

दुसरी जागा शेवटाकडे येते. जुळ्यांनी एका छोट्या वाहनाच्या दुरुस्तीत केलेल्या हयगयीमुळे हेझल आणि धाकटा नातू अवकाशात भरकटतात. प्राणवायू पुरेसा नसतो. आजी स्वतःचा वाटा नातवाला देते. दोघेही वाचतात, कारण ही कुमारकादंबरी आहे. पण काही पानांपुरता लेखकाने विनोद बाजूला ठेवला आहे. पगारी नोकराची हयगय असती तर चौकशी झाली असती, त्याला काढून टाकले असते. येथे दोषी मुलगे आहेत आणि किंमत मोजणारी आजी आहे. कुटुंबाच्या पेढीत चुकीचा दंड ज्याने चूक केली त्याच्याकडूनच वसूल होतो असे नाही. ज्याची माया अधिक त्याच्या नावे तो पडतो.

मुक्त लोक, बद्ध माणसे

पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, त्याच लेखकाने हा विषय पुन्हा हाती घेतला आणि त्याचे सारे हसू काढून टाकले. ‘सिटिझन ऑफ द गॅलेक्सी’ या कादंबरीचा आरंभ जब्बलपोर नावाच्या नगरीतील गुलामांच्या बाजारात होतो. आपल्या जबलपूरचे इंग्रजी अमदानीतले नाव हाइनलाइन यांनी दूरच्या ग्रहावर नेऊन ठेवले आहे. किपलिंगच्या ‘किम’ या १९०१ च्या कादंबरीशी या कथेचे नाते समीक्षकांनी दाखवलेले आहे. थॉर्बी हा पोरका मुलगा येथे बास्लिम नावाच्या भिकाऱ्याला विकला जातो. भिकारी वस्तुतः गुप्तहेर असतो. त्याच्या मृत्यूनंतर थॉर्बीला आसरा देते ‘सिसू’ हे मुक्त व्यापाऱ्यांचे जहाज. बास्लिमने पूर्वी या व्यापारी लोकांपैकी काहींना गुलामगिरीतून सोडवलेले असते. ते ऋण फेडणे हा त्यांचा धर्म.

‘सिसू’ म्हणजे एक कुटुंब. थॉर्बीला त्यावर स्थान मिळते ते दत्तक झाल्यावरच, कारण जो नातलग नाही तो या लोकांच्या लेखी माणसांत जमाच नाही. कोणी कोणाशी कसे बोलावे, कोणाला कोणत्या नात्याने हाक मारावी, कोणी कोणाशी लग्न करावे, हे सारे ठरलेले. कप्तान व्यवहार पाहतो, पण अंतिम शब्द त्याच्या आईचा. एकत्र कुटुंबाच्या कायद्यातील ‘कर्ता’ ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. फरक इतकाच की येथे कर्तेपण आजीकडे आहे.

या जहाजावर माता नावाची मुलगी आहे. तिचा आणि थॉर्बीचा स्नेह जुळू लागतो. दत्तकविधानाने थॉर्बी ज्या शाखेत आला तिच्या नियमाने हे नाते निषिद्ध. मग कोणी रागावत नाही, कोणी शिक्षा करत नाही. माताला दुसऱ्या जहाजावर देऊन टाकले जाते. जहाजांमध्ये मुलींची देवाणघेवाण हा शिरस्ताच आहे. सारी देवाणघेवाण प्रेमाने, सन्मानाने आणि रीतीनुसार होते. माताला कोणी विचारत नाही.

‘सिसू’वर अभ्यासासाठी आलेल्या मार्गारेट मेडर या मानववंशशास्त्रज्ञ बाई थॉर्बीला एक गोष्ट समजावतात. हे लोक समूह म्हणून अवघ्या आकाशगंगेत सर्वांत स्वतंत्र आहेत, कारण त्यांच्यावर कोणत्याही ग्रहाची सत्ता नाही; पण त्यांच्यातल्या एकेका माणसाला स्वतःच्या आयुष्याविषयी जवळजवळ काहीच ठरवता येत नाही. घराण्याचे स्वातंत्र्य आणि घरातल्या माणसाचे स्वातंत्र्य या दोन राशी आहेत आणि पहिली वाढवण्यासाठी दुसरी खर्च होते, हा या कादंबरीचा गाभा.

आणि हाइनलाइन येथेही थांबत नाहीत. थॉर्बी अखेर पृथ्वीवर पोचतो तेव्हा तो रुडबेक या अवाढव्य घराण्याच्या उद्योगाचा वारस असल्याचे कळते. ज्या गुलामांच्या व्यापारात तो विकला गेला, त्या व्यापाराला जहाजे पुरवण्यात याच उद्योगाचा हात असल्याचे त्याला हळूहळू उमगते. म्हणजे घराण्याच्या वहीत वारस जमेच्या बाजूला होता आणि त्याच वहीच्या एका कोपऱ्यात त्याची विक्रीही अप्रत्यक्षपणे नोंदली गेली होती. थॉर्बी पेढी सोडून जात नाही. ती ताब्यात घेऊन हा व्यवहार बंद पाडण्यासाठी तो स्वतःला जखडून घेतो. बास्लिमचे ऋण तो असे फेडतो.

घर नसलेले जहाज

१९७९ मध्ये रिडली स्कॉट यांचा ‘एलियन’ हा चित्रपट आला. त्यातले मालवाहू यान दोन कोटी टन खनिज ओढून पृथ्वीकडे नेत आहे. त्यावर सात माणसे आहेत आणि त्यांतले कोणीही कोणाचे नातलग नाही. पहिले भांडण होते ते वाट्यावरून : इंजिनाकडे काम करणाऱ्या दोघांना इतरांहून कमी बोनस का? पुढे उघड होते की कंपनीने आपल्या गुप्त आदेशात या माणसांना आधीच खर्ची टाकलेले आहे.

यानाचे नाव ‘नोस्ट्रोमो’. ते जोसेफ कॉनरॅडच्या १९०४ च्या कादंबरीवरून घेतलेले आहे, आणि ती कादंबरी आहे एका घराण्याच्या खाणीची. कोस्टाग्वाना या काल्पनिक देशातील सान तोमेची चांदीची खाण गूल्ड घराण्याच्या गळ्यात सरकारने मारलेली असते. बाप त्या ओझ्याखाली झिजून मरतो. मरण्यापूर्वी मुलाने या वारशाच्या वाटेला जाऊ नये असे परोपरीने बजावतो. मुलगा चार्ल्स नेमके तेच करतो. तो खाण यशस्वी करतो आणि त्या यशाच्या प्रमाणात पत्नी एमिलियापासून दूर जातो. त्यांना मूल होत नाही. बापाच्या अपमानाची भरपाई म्हणून सुरू झालेली पेढी शेवटी पिढीविना उरते.

कॉनरॅडच्या कादंबरीपासून स्कॉटच्या चित्रपटापर्यंतच्या पाऊणशे वर्षांत खाण राहिली, चांदीचे ओझे राहिले, घर तेवढे गळून पडले. कंपनीच्या यानावर माणूस घरच्यांना पृथ्वीवर सोडून झोपेत प्रवास करतो. १९८६ च्या ‘एलियन्स’ या पुढील चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीत नायिका रिप्लीला ५७ वर्षांच्या झोपेनंतर कळते की तिची मुलगी म्हातारी होऊन मरूनही गेली. घर बरोबर न्यावे तर मुलांचे श्रम वहीबाहेर जातात. घर मागे ठेवावे तर मुलेच हातची जातात. मालवाहतुकीच्या इतिहासात हा पेच कालव्याच्या बोटवाल्यापुढेही होता आणि परदेशगामी जहाजावरच्या खलाशापुढेही होता.

आवाज उरलेले यान

हा पेच सर्वांत चिवटपणे हाताळला तो सी. जे. चेरी या अमेरिकन लेखिकेने. तिच्या ‘डाउनबिलो स्टेशन’ (१९८१) या कादंबरीला १९८२ चे ह्यूगो पारितोषिक मिळाले. तिच्या विश्वात ताऱ्यांमधला व्यापार कुटुंबांच्या जहाजांवर चालतो. मूल आईच्या जहाजाचे मानले जाते. जहाजाचे नाव हेच माणसाचे गाव, देश आणि कूळ. युद्धात एलीन क्वेन या स्त्रीचे जहाज साऱ्या नातलगांसह नष्ट होते. ती स्थानकावर उतरलेली असल्याने एकटी वाचते. पुढे व्यापारी जहाजांची एकजूट उभारण्यात तीच पुढाकार घेते. कंपनी आणि राज्यसत्ता यांच्या कात्रीत सापडलेली ही कुटुंबे येथे एखाद्या राष्ट्रासारखी वागू लागतात.

‘मर्चंटर्स लक’ (१९८२) ही आकाराने लहान कादंबरी या विषयावरची मला सर्वांत मोलाची वाटते. सँडर क्रेया हा आपल्या घराण्याचा शेवटचा माणूस. चाच्यांनी घरातले बहुतेक मारले. खोट्या कागदपत्रांच्या आधारे तो जहाज एकट्याने चालवतो. संगणकात घरातल्याच रॉस या नातलगाचा आवाज साठवलेला आहे. पुढे काय करायचे ते तो आवाज सांगत राहतो. माणूस मेला आणि त्याची शिकवण कामाला लागलेली आहे. पिढी संपल्यावरही पेढी चालू राहिली तर ती कशी दिसेल, याचे याहून नेमके चित्र मला ठाऊक नाही.

समोर अॅलिसन राइली आहे. तिचे ‘डब्लिन अगेन’ हे जहाज भरभराटीचे, माणसांनी गजबजलेले. चालकाच्या आसनासाठी तिच्यापुढे इतके ज्येष्ठ नातलग रांगेत आहेत की हयातीत पाळी येणे कठीण. एकाकडे जहाज आहे आणि घर नाही. दुसरीकडे घर आहे आणि त्या घरात जागा नाही. दोघांचा व्यवहार जुळतो तो प्रेम आणि कर्ज यांच्या मिश्रणातून. कोणता भाग कशाचा, हे चेरी शेवटपर्यंत वेगळे करून देत नाही, कारण घरगुती पेढीत तो वेगळा करता येत नाही.

‘फिनिटीज एंड’ (१९९७) मध्ये ती आणखी पुढे जाते. युद्धाच्या वर्षांत एका जहाजावर नवी पिढी जवळजवळ उरलीच नाही. स्थानकावर वाढलेल्या सतरा वर्षांच्या फ्लेचरवर जहाज रक्ताच्या नात्याने हक्क सांगते आणि त्याला त्याच्या इच्छेविरुद्ध घेऊन जाते. कुटुंबाला त्याची ओढ आहे. कुटुंबाला हातही कमी पडत आहेत. फ्लेचरने यांपैकी कोणत्या कारणावर विश्वास ठेवावा? २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘द एक्स्पान्स’ या कादंबरीमालिकेत जूली माओ ही श्रीमंत व्यापारी घराण्यातली मुलगी बापाची पेढी सोडून लघुग्रहांवरच्या कष्टकऱ्यांच्या बाजूने उभी राहते आणि बापाच्याच कंपनीने आरंभलेल्या उद्योगात बळी जाते. मातापासून जूलीपर्यंत मुलगी ‘देऊन टाकण्या’पासून निघून जाण्यापर्यंत आली. देणे मात्र तिच्याच नावे राहिले.

कायद्याच्या आधी

प्रत्यक्षात काय घडले? लघुग्रहांवर खाणकाम करू पाहणारी ‘प्लॅनेटरी रिसोर्सेस’ ही कंपनी २०१२ मध्ये गाजावाजाने पुढे आली आणि २०१८ मध्ये एका संगणक-तंत्रज्ञान कंपनीने विकत घेतली. ‘डीप स्पेस इंडस्ट्रीज’चेही थोड्याच काळात तसेच झाले. २४ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या ‘ओसायरिस-रेक्स’ मोहिमेने बेन्नू या लघुग्रहावरून आणलेला नमुना पृथ्वीवर उतरला. त्याचे वजन भरले १२१.६ ग्रॅम. जुने यान घेऊन निघालेल्या स्टोन कुटुंबाला या अर्थकारणात अजून तरी जागा नाही.

कायदा मात्र तयार होत आहे. १९६७ च्या अंतराळ करारानुसार कोणत्याही राष्ट्राला खगोलीय पिंडावर स्वामित्व सांगता येत नाही आणि खासगी संस्थांच्या अंतराळातील कामाची जबाबदारी त्यांच्या राष्ट्रावर राहते. २०१५ मध्ये अमेरिकेने आणि २०१७ मध्ये लक्झेंबर्गने, खणून काढलेल्या साधनसंपत्तीवर खणणाऱ्याची मालकी मान्य करणारे कायदे केले. या दस्तऐवजांत राष्ट्र आहे, खणणारा आहे, खनिज आहे. यानावर जन्मलेले मूल कोठे नाही. कोणत्या वयापासून त्याने काम करावे, त्याला यान सोडून जाता यावे की नाही, बापाच्या कर्जाला ते बांधील असावे की नाही, हे प्रश्न विधिमंडळांपुढे आलेले नाहीत. ते आज अकाली आहेत असे कोणी म्हणेल. कालव्यावरच्या खोलीत मुले वाढू लागल्यावर कायद्याला तेथे पोचायला काही दशके लागली होती.

हे प्रश्न साहित्यापुढे आले आणि साहित्याने ते नोंदवून ठेवले, हे या परंपरेचे महत्त्व. हेझलने दिलेला प्राणवायू, माताची बदली, थॉर्बीची विक्री, फ्लेचरवरचा दावा या नोंदी कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात सापडणार नाहीत. मनोरंजनासाठी लिहिलेल्या या कादंबऱ्यांनी त्या ठेवल्या. विद्यार्थ्यांनी त्या वाचताना यानाचा वेग आणि इंधन यांच्याबरोबर रोजकीर्दही उघडून पाहावी : कोणाचे श्रम लिहिले आहेत, कोणाचे ‘घरचेच’ म्हणून सोडून दिले आहेत, आणि सोडून दिलेल्या त्या माणसाला घराबाहेर पडण्याचा दरवाजा लेखकाने ठेवला आहे का.